नंबरकाकांची हजेरी

चिंचेने घासलेल्या पितळेला एक आंबूस, उजळ वास असतो. त्याच्या आड जुन्या सुताचा कोरडा, किंचित घशाला लागणारा वास असेल, तर आजही मला वाटते की नंबरकाका खोलीत येऊन बसले आहेत. इंदूरमधल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत आम्ही माणसांच्या मेंदूच्या प्रतिमा आकड्यांत मांडत असू. तिथे संगणकाशेजारी काकांनी पहिल्याच दिवशी एक लाकडी पेटी आणून ठेवली. पेटीत मखमलीवर निजवलेला छोटा पितळी तराजू होता, सूत जोखण्याचा. हे काम चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारले, "याचं इथे काय काम?" काका म्हणाले, "काम काही नाही, मॅडम. समोर असला की भलतं लिहायला हात धजत नाही. आदत झाली आहे."

तीस वर्षे ते एका कापड मिलच्या टेस्टिंग खात्यात होते. दर शिफ्टला प्रत्येक यंत्रावरून सुताची एकशे वीस वाराची लच्छी काढायची, जोखायची आणि त्या वजनावरून सुताचा नंबर काढायचा. सूत जितके बारीक, तितका नंबर मोठा. कामगार त्यांना 'नंबर साब' म्हणत. आमच्या मराठी आळीने त्याचे 'नंबरकाका' केले. त्यांचे खरे नाव बहुधा फक्त पगारपत्रकाला ठाऊक होते. मग शहरातल्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि एका सकाळी त्यांच्याही मिलच्या गेटवर कागद लागला. त्यानंतर वर्षभर काका रोज सकाळी सातला डबा घेऊन घरातून निघत, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, त्या जुन्या राजसमाध्यांच्या सावलीत बसत आणि शिफ्ट सुटायच्या वेळी घरी परतत. काकूंना हे माहीत होते. त्या तरीही डबा भरून देत.

डॉक्टरबाई परदेशातून शिकून आल्या होत्या. त्यांना संख्याशास्त्र जाणणारा माणूस हवा होता, आणि काकांच्या ट्रंकेत त्याच विषयाची जुनी पदवी होती. ते रुजू झाले तेव्हा ऑफिसातले मोठे बाबू दारातूनच म्हणाले, "लो भिया, अब सूत तौलने वाले दिमाग तौलेंगे!" काकांनी चष्मा पुसता पुसता उत्तर दिले, "सबका तौल दूँगा भिया, पर तेरे वाले का नंबर ई नी निकलेगा." बाबू स्वतःच इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा टेबलावर सांडला. त्या दिवसापासून काकांचा चहा बाबूंच्या टेबलावरून येऊ लागला.

मी मराठीची एम.ए. कविता करणारी. पण ते दिवस असे होते की गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासचे निळे-पिवळे फलक लागले होते, आणि वडिलांनी मलाही भंवरकुआंच्या एका क्लासमध्ये घातले होते. त्या प्रमाणपत्रावर मला इथे नोकरी लागली. माझे काम म्हणजे प्रतिमांतून निघालेले आकडे यंत्रात भरणे आणि डॉक्टरबाई सांगतील तसे मॉडेल, म्हणजे संख्याशास्त्राचे गणित, त्यांना लावणे. मी काकांना पहिल्याच दिवशी भीतभीत सांगून टाकले की मला गणित येत नाही, मी कविता करते. "मग मात्रा मोजता येत असतील," ते म्हणाले. "कुठे एक जास्त झाली, कुठे कमी पडली, कानाला कळतं ना? बस, बेटा. बाकी सब हो जाएगा."

मात्र ओळख व्हायच्या आधीच त्यांनी माझ्या ओढणीचा काठ दोन बोटांत धरून चोळला होता. ही त्यांची सवय साऱ्या रुग्णालयाला माहीत होती. परिचारिकेची साडी असो, भेटायला आलेल्या नातेवाइकांचे धोतर असो, काकांची बोटे आपोआप तिकडे वळत, डोळे अर्धे मिटत आणि निवाडा होई. "ऐंशी नंबर. जपून धुवा." "चाळीस. चांगलं आहे, पण पीळ कमी." माझी ओढणी चोळून त्यांनी जड आवाजात विचारले होते, "सुती म्हणून दिली का दुकानदारानं?" मी हो म्हटले. "परत कर. यात कापूस फक्त लेबलला लावलाय."

आमचे काम थोडक्यात असे होते. अर्धांगाच्या झटक्याने ज्यांचा एक हात लुळा पडला, असे बारा रुग्ण. त्यांना रुग्णालयाच्या एका खोलीत रोज हाताचे व्यायाम करवले जात, विनामूल्य. व्यायाम सुरू होण्यापूर्वी एकदा, मध्ये एकदा आणि शेवटी एकदा, असे तीन वेळा त्यांना एमआरआयच्या बोगद्यात निजवून अंगठा एकेका बोटाला लावायला सांगत, आणि त्या क्षणी मेंदूच्या कुठल्या भागात रक्ताचा ओघ वाढतो, हे टिपून घेत. या प्रत्येक वेळेला आम्ही सेशन म्हणत असू. हात परत येतो तेव्हा डोक्यातली त्याची जागाही परत जागी होते का, एवढा एकच प्रश्न होता. होते असे दिसले, तर खर्च देणारा ट्रस्ट ती खोली आणखी एक वर्ष चालवणार होता. दिसले नाही, तर खोली बंद.

मी लावलेले पहिले मॉडेल पडद्यावर आले तेव्हाची काकांची मुद्रा मला अजून दिसते. त्या मॉडेलचा आराखडा म्हणजे काळ्या, पांढऱ्या, करड्या उभ्या पट्ट्यांचे एक चित्र असते. बोटे हलत होती ते क्षण पांढरे, थांबली ते काळे. काका पडद्याजवळ गेले आणि हरखून म्हणाले, "अरे, ही तर किनार आहे!" पण लगेच त्यांची भुवई चढली. "हे तिन्ही दिवस एकाच ताग्यात का विणलेस, बेटा?" मी तिन्ही सेशन एकापुढे एक जोडून त्यांना एकच पाया दिला होता, जणू तो एकाच दिवसाचा लांबलचक वृत्तान्त होता. "आधी हवा विचारावी, मग सूत," काका म्हणाले. त्यांचे हे वाक्य पुढे मला शेकडो वेळा ऐकायचे होते. दमट हवेत सूत जड भरते आणि कोरड्या हवेत हलके. सूत तेच असते, बदलते ती हवा. त्यांनी एमआरआय चालवणाऱ्या माणसाला गाठून विचारले, आणि कळले की पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या मध्ये यंत्राचा एक भाग बदलला होता. दुसऱ्या खेपेच्या साऱ्याच प्रतिमा थोड्या अधिक उजळ होत्या. मेंदूने काहीही केलेले नसताना माझे मॉडेल त्या उजेडाला सुधारणा म्हणत होते.

मग काकांनी मला प्रत्येक सेशनला त्याचा स्वतःचा कॉलम द्यायला शिकवले. बोटे हलण्याचा वेगळा आणि त्या दिवसाच्या मूळ पातळीचा वेगळा. "शिफ्टची तुलना शिफ्टशी नंतर. आधी प्रत्येक शिफ्ट स्वतःच्या पायावर उभी राहू दे." आणि बारा माणसे म्हणजे बारा चात्या. "एका चातीचं सूत तीनदा जोखलं म्हणून तीन चात्या होत नाहीत, समजलं? तीनदा तीच चाती बोलते." चाती म्हणजे ज्या फिरत्या दांडीवर सूत पिळले जाऊन गुंडाळले जाते ती. कुठल्याही पुस्तकाने मला हे इतके नीट सांगितले नाही. मॉडेल चालायला अख्खी दुपार लागे. तेवढा वेळ काका संगणकाच्या पेटीवर तळहात ठेवून, डोके किंचित कलते करून तिची घरघर ऐकत बसत, आणि मधूनच मला म्हणत, "ऐक, आता अवघड भागात आली आहे."

मिल त्यांच्यातून गेली नव्हती. त्यांच्या लेखी दिवसाचे तासही तिचेच होते. तीन वाजले की ते म्हणत, "पहिली शिफ्ट सुटली." डॉक्टरबाई अकराला आल्या तर, "मॅडमना आज अर्धी शिफ्ट." आकडे भरण्यासाठी त्यांनी स्वतः आखलेला मोठा तक्ताही मिलच्या हजेरीपत्रकासारखाच होता: डावीकडे बारा नावे, वर पहिली, दुसरी, तिसरी, न आलेल्याच्या चौकोनात पेन्सिलीने कोरून काढल्यासारखे 'गैरहजर'. त्यांच्या अक्षराची नजाकत अशी की तो तक्ता भिंतीवर लावावासा वाटे.

त्या बारांत रामरतनजी होते. देपालपुरकडचे, काकांच्याच मिलमध्ये लूमवर काम केलेले. उजवा हात गेलेला. व्यायामाच्या खोलीत ते लाकडी खुंट्या एका भोकातून काढून दुसऱ्यात बसवत, आणि एक खुंटी बसली की सगळ्या खोलीकडे विजयाने पाहत. काका दिसले की हाक मारत, "नंबर साब, म्हारा हाथ को बी नंबर काड़ी दो!" काका त्यांची बोटे सुतासारखी चोळून पाहत आणि म्हणत, "काल वीस होता, आज बाईस." रामरतनजी खोटे खोटे रागावत, "बस दो? कंजूस कई का!" मग दोघेही हसत.

बुधवारी निकाल आला. व्यायामाने मेंदूत काही बदल झाल्याचे दिसत नव्हते. अगदीच नाही असे नव्हते, पण इतके पुसट की त्यावर बोट ठेवावे असे काही नव्हते. ट्रस्टची माणसे सोमवारी यायची होती. डॉक्टरबाईंनी कागद दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "जे आहे ते आहे. महिनाअखेर खोली बंद करू." त्या अहवालाच्या पहिल्या पानावर काकांचे पूर्ण नाव छापले होते, 'संख्याशास्त्र' या शब्दासमोर. मी ते नाव तेव्हा प्रथम पाहिले. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला, आणि पान उलटे करून ठेवले.

त्या संध्याकाळी मी माझी वही काढली. प्रत्येक रुग्णाच्या हातासाठी मी पहिल्या भेटीपासून एकेक ओळ लिहून ठेवत असे. ते कुणी सांगितलेले काम नव्हते, माझी खोड होती. रामरतनजींच्या पहिल्या भेटीची ओळ अशी होती: 'हात थंड, रात्रभर झाकून ठेवलेल्या कणकेसारखा, उचलला की निसटतो.' ओळीखाली तारीख होती. ती तारीख मी काकांच्या तक्त्याशी लावून पाहिली. एमआरआयचे यंत्र आम्हाला ठरावीक आठवड्यांतच मिळे. पहिल्या फेरीच्या आठवड्यात रामरतनजी पुतणीच्या लग्नासाठी देपालपुरला होते. ते प्रथम आले दुसऱ्या फेरीत. काकांनी पहिल्या चौकोनात 'गैरहजर' लिहिले होते, आणि त्यांची पहिली प्रतिमा, व्यायामाच्या आधीची, दुसऱ्या खाली नोंदवली होती. दुसरी प्रतिमा तिसऱ्या खाली. त्यांची खरी तिसरी प्रतिमा चौथ्या, जादा फेरीत निघाली होती, आणि तक्त्यात चौथे घरच नसल्यामुळे ती बाहेर राहिली होती.

मिलमध्ये पहिली शिफ्ट म्हणजे सकाळी सातची. कामगार आज प्रथमच आला असेल, तरी तीनला आला तर तो दुसऱ्या शिफ्टचाच. तीस वर्षे काकांनी अशीच हजेरी लिहिली होती. मी बाकीची नावे तपासली. बारापैकी चौघे असे उशिरा आलेले होते. त्या चौघांचे थंड, निजलेले हात मॉडेलने सुधारलेल्या हातांत मोजले होते, आणि साऱ्यांची सरासरी खाली ओढली होती.

गुरुवारी मी काही बोलले नाही. शुक्रवारीही नाही. मिलने ज्याच्याकडून सगळे काढून घेतले होते, त्या माणसाच्या हाताला नुकतीच नवी पत आली होती. ज्या बाबूंनी टिंगल केली, तेच आता त्यांना 'सर' म्हणत होते. त्यांच्या तक्त्यात मी कसे बोट घालू? आणि न घालू, तर ती खोली? दोन दिवस मी त्यांच्याकडे पाहायचे टाळले. माझ्या डब्यातली पोळी संध्याकाळी तशीच घरी जाई आणि आई ती गाईला घाली. काका मात्र मजेत होते, किंवा तसे दाखवत होते. मला म्हणाले, "चेहरा का असा? निकाल आहे तो, बेटा. सूत बारीक निघालं नाही म्हणून तराजूवर रुसायचं नसतं."

शनिवारी दुपारी मी व्यायामाच्या खोलीसमोरून जात होते. खोली बंद होणार हे रुग्णांना नुकतेच कळले होते. रामरतनजी त्यांच्या खुंट्या पेटीत भरत होते, उजव्या हाताने, एकेक, घाम येईपर्यंत. मला पाहून म्हणाले, "कोई बात नी, बेन. मिल बी असीज बंद हुई थी. हाथ कूण देखे."

मी तशीच वळले आणि काकांच्या टेबलापाशी गेले. वही त्यांच्या तक्त्यावर ठेवली आणि रामरतनजींच्या ओळीवर बोट ठेवले. काकांनी ओळ वाचली. तारीख वाचली. मग पेन्सिल घेऊन ते तक्त्यावरून खाली उतरत गेले, नाव, चौकोन, तारीख. नाव, चौकोन, तारीख. चौथ्या नावापाशी पेन्सिल थांबली. बाहेर सायकलीच्या घंट्या वाजत होत्या.

"हे तुला कधी दिसलं?" त्यांनी वर न पाहता विचारले.

"बुधवारी, काका."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. तक्ता नीट घडी करून हातात घेतला, माझी वहीही घेतली, आणि सदऱ्याचे वरचे बटण लावून ते डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. दार पूर्ण लागले नव्हते. मी व्हरांड्यातल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. थंड चुन्याची भिंत होती, आणि माझी पाठ तापलेली.

"मॅडम, चूक माझी आहे," काकांचा आवाज आला, हजेरी घ्यावी तसा सपाट. "मी शिफ्ट घड्याळाची धरली, ती माणसाची धरायला हवी होती. चार जण भलत्या घरात बसलेत. पोरीनं पकडलं. सोमवारच्या आत मी स्वतः सगळं परत मांडतो. तुम्ही म्हणाल तर माझं नाव कागदावरून काढा, पण सोमवारी जुना कागद देऊ नका." डॉक्टरबाई काहीतरी हळू बोलल्या. मग कागदांची सळसळ.

रविवारी आम्ही दोघांनी तक्ता नव्याने आखला. वर आता 'स्वतःची पहिली', 'स्वतःची दुसरी', 'स्वतःची तिसरी' असे होते, आणि यंत्राच्या फेरीसाठी शेजारी वेगळे घर, कारण हवाही विसरायची नव्हती. सोमवारी दाखवलेला निकाल चमत्कार नव्हता. सहा जणांत डोक्यातली ती जागा स्पष्ट उजळली होती, तिघांत पुसट, तिघांत मुळीच नाही. काकांनी ते तिघेही अहवालात ठळक लिहायला लावले. ट्रस्टने वर्ष दिले. खोली उघडी राहिली. कागदावरचे काकांचे नाव डॉक्टरबाईंनी काढले नाही. त्याखाली माझे घातले. रामरतनजींचा उजवा हात पूर्ण कधीच आला नाही, पण पुढच्या दिवाळीत त्यांनी त्या हाताने पेढ्यांचा पुडा धरून आणला, त्याची दोरी बोटांत घट्ट आवळून, आणि काकांनी दोरीचा नंबर सांगितला.

दोन वर्षांनी काका मुलाकडे नाशिकला गेले. त्यांची पोस्टकार्डे येत. वर तारखेऐवजी 'कोरडं ऊन, वारा उत्तरेचा' असे काही लिहिलेले असे, आणि खाली कुशल विचारून झाले की एखादे संख्याशास्त्राचे कोडे. मग एकदा त्यांच्या मुलाच्या अक्षरातले पत्र आले. मी ते उघडण्याआधीच ओळखले. पुढे माझे आयुष्य याच कामात गेले. यंत्रे पुष्कळ बदलली, जिथे अख्खी दुपार लागे तिथे आता चहा निवायला लागतो तेवढा वेळ लागतो. नवी मुले झरझर मॉडेल लावतात, आणि मी त्यांच्या मागे उभी राहून विचारते, ही पहिली कुणाची पहिली? ती वैतागतात. मी हटत नाही.

काका नाशिकला निघाले तो दिवस मला नीट आठवत नाही. मी स्टेशनवर गेले होते, एवढे खरे. मनात ठसली आहे ती त्या शनिवारची दुपार. डॉक्टरबाईंच्या खोलीचे दार उघडले तेव्हा अडीच वाजून गेले होते. काका बाहेर आले. तीस वर्षांत न झालेली चूक त्यांनी नुकतीच तोंडाने सांगितली होती, आणि ती दोन दिवस त्यांच्यापासून लपवणारी मी समोर उभी होते. मला वाटले, आता ते विचारतील की का नाही सांगितलंस. त्यांनी माझी वही मला परत दिली. माझ्या तोंडाकडे पाहिले, सूत पाहावे तसे. मग म्हणाले,

"जेवलीस?"